तिसऱ्या वळणावरची सत्तावीस झुडपं

१

आमच्या डोंगराची चढण किती उभी आहे हे सांगितलं की लोक हसतात. मागल्या उन्हाळ्यात एका जाडजूड पाहुण्याची सावली दुसऱ्या वळणावर दमून खाली बसली आणि तो एकटाच वर गेला. उतरताना तिला सोबत न्यायचं विसरला. पुढे तीन दिवस ती फाटकापाशी घुटमळत होती, मी स्वतः तिला पाणी विचारलं. बावीस वर्षं फाटकावर बसलेल्या माणसाला असल्या गोष्टी दिसतातच. ज्यांना पटत नाही त्यांनी पटवून घेऊ नये. पण आता सांगतो ती हकिकत मी कुठेही फुगवलेली नाही, कारण तिच्यात फजिती माझी आहे आणि स्वतःची फजिती फुगवून सांगायची हौस मला नाही.

बुधवारी सकाळी साडेसातला मुकादम डोंगरावरून धावत खाली आला. पन्नाशीचा गडी, एरवी चालताना पायाखालची मुंगीसुद्धा दचकणार नाही असा सावकाश. वाटेच्या दोन्ही बाजूंना माजलेली परकी झुडपं उपटणाऱ्या टोळीचा तो प्रमुख. वीस वर्षं तो घाणेरी आणि रानमोडी उपटतोय आणि वीस वर्षं त्या दोघी परत उगवतायत. त्याच्याकडे बघितलं की आपल्यालाच थकवा येतो.

"तात्या," तो म्हणाला, "तिसऱ्या वळणावरची सगळी झाडं गेली."

"कुठे गेली?"

"कुठे नाही. खडकावर आहेत. उपटून ठेवलीत."

माझ्या शेजारी बाकावर रोपवाटिकेतली मावशी बसली होती. ती मुकादमाची सख्खी मावशी. तो हाक मारायचा म्हणून हळूहळू सगळ्या डोंगराचीच मावशी झाली. तिसऱ्या वळणावरची ती सत्तावीस झुडपं तिची. कडेनिळी त्यांचं नाव. आमच्या डोंगराची मूळची वनस्पती, पण घाणेरीने गिळून टाकलेली. पन्नास वर्षांत कुणाला दिसली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी मावशीने खिंडीपलीकडून एका म्हाताऱ्या झुडपाच्या फांद्या आणल्या, रोपं केली, कुंपण घातलं, फलक लावला आणि रोज पाणी घातलं. कडेनिळी आठ वर्षं नुसती पानं दाखवते आणि नवव्या वर्षी फुलते. हे नववं वर्ष. येत्या शुक्रवारी वरच्या कचेरीतले पाहुणे ते फूल बघायला यायचे होते. ते बघून हा सगळा उतार राखीव करायचा की नाही, हे ठरणार होतं.

मुकादमाचं बोलणं ऐकून मावशी रडली नाही, ओरडली नाही. "पाणी दे," एवढंच म्हणाली. पाणी प्यायली, गुडघे धरून उठली आणि आपल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

दुपारपर्यंत वनसाहेब येऊन वर बघून आले. खाली आले तेव्हा त्यांच्या शर्टाची इस्त्री गेली होती आणि चेहऱ्याचीही.

"मुळं आभाळाकडे करून ओळीने मांडलीत," ते म्हणाले. "ही पद्धत कुणाची, तात्या?"

उपटलेलं झुडूप जमिनीवर टाकलं तर पुन्हा मूळ धरतं, म्हणून खडकावर उलटं मांडून वाळवायचं, ही पद्धत या डोंगरावर एकाच टोळीची होती.

"गुरुवार संध्याकाळपर्यंत मला नाव पाहिजे," साहेब म्हणाले. "ज्याचं नाव येईल तो घरी जाईल. टोळीचं काम असेल तर टोळीसकट."

टोळीत मुकादम धरून दहा माणसं होती.

२

गुरुवारी सकाळी तपासनीस मॅडम आल्या. हरवलेल्या फायली, गायब झालेली जीप, न बांधताच कोसळलेला पूल, असल्या भानगडींचं त्यांचं खातं. झाडांशी त्यांचा संबंध नव्हता. तसं त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं.

"मला गवत आणि भाजी यातला फरक शिजल्यावर कळतो," त्या म्हणाल्या आणि बाकावर बसून बुटांच्या नाड्या सैल केल्या. पाय सुजलेले होते. "या महिन्यातला हा सहावा तपास. एखाद्या तरी चोराने सपाटीवर चोरी करावी की नाही?"

मी चहा दिला. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. पण त्या डोळे मिटूनच प्रश्न विचारायच्या.

"मंगळवारी वर कोण गेलं?"

"कुणीच नाही. मंगळवारी वाट बंद असते. टोळीलाही सुट्टी. वहीत बघा, पान कोरं आहे."

"तुम्ही दिवसभर इथेच?"

"मी इथून हललो तर फाटक रडतं, मॅडम."

"दुसरी वाट?"

"दगडखाणीकडून एक पायवाट दुसऱ्या वळणाला मिळते. पायरीवाल्याची माणसं वापरतात."

त्यांनी एक डोळा उघडला. "पायरीवाला कोण?"

"कंत्राटदार. त्याला वाटेवर दगडी पायऱ्या आणि कठडा करायचाय. तिसऱ्या वळणावर मावशीची झुडपं आडवी येतात म्हणून वर्षभर अडकून पडलाय."

मग आम्ही चढलो. वर पोचायला आम्हाला दीड तास लागला. त्यातला अर्धा तास मॅडम दगडावर बसून होत्या आणि बाकीच्या वेळात मी.

तिसऱ्या वळणावर मॅडमनी आधी काहीच केलं नाही. कुंपणाबाहेरचा फलक सावकाश वाचला. मावशीनेच जुन्या नोंदवह्या धुंडाळून तो लिहिला होता: पान केसाळ, फूल निळं, बी गुळगुळीत, झाडाच्या पायाशीच पडणारं, म्हणून कडेनिळी कधी या डोंगराबाहेर गेली नाही. मग त्या आत गेल्या. सत्तावीस खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याभोवती चिखल वाळून तडे गेलेलं एक गोल कडं.

"इथे पाऊस झाला?"

"गेले दोन महिने नाही."

त्यांनी एक झुडूप उचललं. हातभर लांब मूळ शेवटच्या केसापर्यंत शाबूत होतं. दुसरं उचललं, तिसरं उचललं.

"एकही तुटलेलं नाही, तात्या. माझ्या कुंडीतलं रोप उपटताना मी अर्धं मूळ आत ठेवते."

"आधी भरपूर पाणी पाजून दोन-तीन तास थांबलं तर येतं असं."

"म्हणजे कुणाला तरी वेळ होता." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात हिरवी जाळी होती, उन्हापासून झाडं झाकायची. "ही कधीपासून?"

"मावशीने तीन आठवड्यांपूर्वी घातली. ऊन वाढलं म्हणून."

"आणि झाडं उपटणाऱ्याने ती काढून चादरीसारखी घडी घालून ठेवली," मॅडम म्हणाल्या. जाळी उचलताना त्यांच्या बाहीला काहीतरी चिकटलं. ते ओढून काढून त्यांनी चष्म्याच्या डबीत टाकलं. मग झुडपांकडे परत वळल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"तात्या, फूल आलं होतं का यांना?"

"मावशी म्हणत होती, अजून नाही."

"मग या सगळ्या फांद्यांची टोकं कात्रीने का कापलीत? यांची मुंडकी कुठे आहेत?"

३

पायरीवाल्याला फाटकापाशी बोलावलं. हा गृहस्थ बसला की खुर्ची कंत्राट मिळाल्यासारखी करकरते.

"मीच केलं असं सगळ्यांना वाटतं ना?" तो बसल्या बसल्याच म्हणाला. "वाटू दे. मला या झुडपांचा राग होता. आहे. त्यांच्यामुळे माझे दगड वर्षभर उन्हात तापतायत. दगड नासत नाही म्हणून बरं."

"तुम्ही म्हणाला होतात म्हणे, एक दिवस ही झुडपं शेळीला घालीन."

"म्हणालो होतो. चारचौघांत म्हणालो होतो. ज्याला खरंच घालायची असतात तो असं सांगत सुटतो का, ताई?"

"मॅडम म्हणा," मी म्हटलं.

"राहू द्या," मॅडम डोळे मिटून म्हणाल्या. "मला ताई म्हणणारा माणूस फार दिवसांनी भेटला. बरं, दादा, समजा तुम्हीच उपटली. कशी उपटाल?"

"उपटायची कशाला? ट्रॅक्टरच्या मागे साखळी बांधीन आणि कुंपणासकट ओढीन. दहा मिनिटांचं काम."

"आधी पाणी घालणार नाही?"

"पाणी? मी काय त्यांचा बाप आहे?"

"मुळं वर करून मांडणार नाही? म्हणजे आळ टोळीवर जाईल."

पायरीवाला थांबला. हा विचार त्याला आवडलेला दिसला. मग त्याने मान हलवली. "मुळं वर असतात की खाली, हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. आणि मंगळवारी दिवसभर मी खाणीवर होतो. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं होतं, चौदा माणसं मला शिव्या देत होती. बोलावू त्यांना?"

"नको. शिव्या देणाऱ्यांवर माझा विश्वास असतो."

तो निघाला. दारात वळला. "मॅडम, एक सांगू? मुकादमाला विचारा. काल सकाळी तो तिथे पोचला तेव्हा माझा एक माणूस पायवाटेने येत होता. तो म्हणाला, मुकादम धावत वगैरे खाली आला नाही. आधी अर्धा तास त्या झाडांपाशी बसून होता. हातात एक फांदी धरून."

४

मुकादम उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"अर्धा तास काय करत होतात?" मॅडमनी विचारलं.

तो पायांकडे बघत होता. नखांत चिखल, मनगटावर घाणेरीच्या काट्यांचे जुने ओरखडे.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "मीच उपटली."

मॅडमनी डोळे उघडले, पण फार नाही.

"का?"

"चुकून. घाणेरी समजलो."

"फलक लावलेल्या कुंपणाच्या आत, एकाच झाडाची सत्तावीस झुडपं, आणि वीस वर्षं नोकरी झालेला माणूस चुकला?"

"माणूस दमतो, मॅडम. तेच तेच करून डोळे जातात."

"ते मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या, आणि ते त्यांनी खरंच मनापासून म्हटलं. "घाणेरी कशाने काढता?"

"कुदळीने."

"मग एकाही मुळाला कुदळीचा घाव कसा नाही?"

तो नखांतला चिखल काढू लागला.

"बरं, टोकं छाटली होती. ती कुठे गेली?"

"ती... पोत्यात भरली. खालच्या खड्ड्यात जाळली. मंगळवारीच."

खड्डा पेटवायचं काम माझं. वारा सुटल्यामुळे रविवारपासून तो पेटलाच नव्हता, आत कोळ्याने जाळं विणलं होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात हजार थापा मारल्या असतील, पण नेमकी त्या वेळी एकही सुचेना.

"खड्डा गार आहे, मॅडम," मी म्हणालो.

मुकादमाने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला फाटकासकट पोटात घ्यावं.

"तात्या, तू तरी," तो म्हणाला. मग मॅडमकडे वळला. "मी कबूल करतोय ना? साहेबांना नाव हवंय. टोळीचा संबंध नाही, एकट्याचा आहे, एवढं फक्त लिहा. नऊ बायका आहेत टोळीत. त्यांची चूल माझ्यामुळे विझायला नको."

तो गेला.

"वीस वर्षांची नोकरी कुणी असं टाकून देत नाही, तात्या," मॅडम म्हणाल्या. "या माणसाने ते केलेलं नाही. पण कुणी केलंय हे त्याला अर्ध्या तासात कळलं. त्या कापलेल्या फांदीवरून कळलं. तुमच्या टोळीची पद्धत पुन्हा एकदा सांगा. अगदी पहिल्यापासून."

"आधी बोंडं छाटायची. ती बंद पोत्यात भरायची, म्हणजे बी सांडत नाही. मग उपटायचं. मग खडकावर उलटं मांडायचं."

"परक्या झाडांसाठी."

"परक्याच. आपल्या झाडाचं बी कोण कशाला पोत्यात कोंडेल?"

"तेच," मॅडम म्हणाल्या. "तेच मी विचारतेय."

५

चार वाजले होते. साहेबांना सहा वाजता नाव हवं होतं. मॅडम फाटकापाशी येरझाऱ्या घालत होत्या, म्हणजे चार पावलं चालायच्या आणि बसायच्या. बसता बसता त्यांचं लक्ष बूट झाडायच्या पेटीकडे गेलं.

ही पेटी कुठल्याच चढणाऱ्याला चुकवता येत नाही. दोन ताठ ब्रश, वर लोखंडी जाळी, खाली पत्र्याचं ताट. चढण्याआधी बुटांचे तळवे घासायचे, म्हणजे खालच्या गावातल्या बिया डोंगरावर जात नाहीत. लोक वैतागतात. एकाने मला विचारलं होतं, दातही घासून जाऊ का?

"हे ताट कधी रिकामं करता?"

"सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी. काल गडबडीत राहिलं."

मॅडमनी ताट ओढून मांडीवर घेतलं. मातीत बोट फिरवलं. मग चष्म्याची डबी उघडून मघाशी बाहीला चिकटलेली बी बाहेर काढली आणि ताटातल्या एका बीशेजारी ठेवली. तांदळाएवढी, तपकिरी, दोन्ही टोकांना बारीक आकडे. ताटात तशा सात-आठ होत्या.

"ही कशाची?"

मी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ नेली. घाणेरीचं फळ काळ्या मण्यासारखं. रानमोडीचं बी पांढऱ्या केसांवर उडतं. या वाटेवरची प्रत्येक बी मी माझ्या मोज्यांतून काढलेली आहे.

"ही मी या डोंगरावर कधी बघितली नाही," मी म्हणालो.

"मी बघितली. तिसऱ्या वळणावर, जाळीच्या घडीत. म्हणजे ही वरून खाली आली. उतरताना बूट कोण झाडतं, तात्या?"

"कुणी नाही. दमलेला माणूस उतरताना घर शोधतो, ब्रश नाही."

"एकाने झाडले." मॅडम बाकावर टेकल्या. आता त्यांचे डोळे सताड उघडे होते, आणि मला कळलं की ही बाई सकाळपासून एक क्षणही झोपलेली नव्हती. "बघा. त्याने झाडांना पाणी पाजलं, म्हणजे मूळ तुटून आत राहायला नको. बोंडं छाटून नेली, म्हणजे बी सांडायला नको. जाळीची घडी घातली, म्हणजे अडकलेलं बी झटकलं जायला नको. उतरताना बूट झाडले, म्हणजे बी खाली गावात जायला नको. हा माणूस कडेनिळीच्या जिवावर उठलेला नव्हता. तो तिच्या बियांना घाबरत होता."

"कडेनिळीच्या बियांना कोण घाबरेल?"

"फलक आठवा. कडेनिळीची बी कशी असते?"

"गुळगुळीत," मी म्हणालो. आणि माझ्या हातातल्या बीचा आकडा बोटात रुतला.

मी ती सोडवून ताटात टाकली.

"ती कडेनिळी नव्हतीच," मॅडम म्हणाल्या. "दुसरीच कुठली तरी होती, पानाने तिच्यासारखी आणि फुलायलाही तितकीच आळशी. फूल येईपर्यंत कळायचं काही कारण नाही. फूल आलं तेव्हा ते बघितलं फक्त एका माणसाने. त्यानेच वरून जाळी टाकली आणि तीन आठवडे सगळ्यांना सांगितलं, अजून नाही. तात्या, मंगळवारी खरंच कुणी वर गेलं नाही?"

"शपथ. कुणीच नाही."

"मावशीसुद्धा नाही?"

"मावशी?" मी हसलो. "मावशीला कुणी 'गेलं' म्हणतं का? ती रोजचीच. सकाळी दोन डबे पाणी घेऊन गेली, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आ..."

पुढचं वाक्य मी बोललोच नाही. बावीस वर्षं राखण करून मी एकच माणूस आत सोडला होता, आणि वहीत पान कोरं.

६

मावशीची खोली रोपवाटिकेच्या मागे. दार लोटलेलं होतं. आत कडवट वाफेचा वास कोंडला होता. शेगडीवर मोठं पातेलं, विझलेलं. मॅडमनी झाकण उचललं. पाण्यात शिजून काळी पडलेली बोंडं, गच्च भरलेली.

मावशी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब सोडलेले, गुडघ्यांना फडकी.

"उकळलेलं बी उगवत नाही," ती म्हणाली. "फेकायचं होतं. उठवलं नाही."

मॅडम तिच्या समोर, जमिनीवरच बसल्या. दोघी एकमेकींच्या पायांकडे बघत होत्या.

"फूल कसं होतं?" मॅडमनी विचारलं.

"पिवळं." मावशीने हा शब्द असा टाकला जणू कुणाचं तरी निधन सांगतेय. "नऊ वर्षं निळं निळं म्हणून वाट बघितली. सकाळी गेले तर पिवळं. मला वाटलं, डोळे गेले. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी वीस. मग बी धरलं, त्याला आकडे. खिंडीपलीकडे एक पडकं विश्रामगृह होतं, त्याच्या मागून मी फांद्या आणल्या होत्या. कुणीतरी शोभेला लावलेलं असणार, समुद्रापलीकडून आणून. दुसऱ्या वर्षी दरड आली, ते झुडूपही गेलं. त्याचं फूल मी कधी बघितलंच नाही."

"सांगायचं होतंत."

"कुणाला? साहेबाला? या फुलासाठी उतार राखीव होणार म्हणून तो महिनाभर भाषण पाठ करतोय. उतार राखीव व्हायलाच हवा, बाई. कडेनिळी नसली तरी बाकीचं आहे ना तिथे. मी म्हटलं, कुणी तरी चोरली म्हणतील, हळहळतील आणि उतार राखतील. परक्या झाडांविरुद्ध आयुष्य घातलेल्या बाईने परकं झाड स्वतःच्या हाताने वाढवलं, हे तेवढं झाकलेलं राहील."

"मावशी, मुळं वर का मांडलीस?" मी विचारलं. "तिथेच सगळा घोळ झाला."

तिला खरंच आठवत नव्हतं.

"मांडली का मी?" ती म्हणाली. "हाताने मांडली असतील. उपटलं की उलटं ठेवायचं. पोराला ते मीच शिकवलं."

"त्या पोरानेच दुपारी कबुली दिली आहे," मॅडम म्हणाल्या. "आपण एकट्याने केलं म्हणून. सहा वाजता त्याला काढून टाकणार आहेत."

मावशीला हे माहीत नव्हतं. दार लावून बसलेल्या माणसाला कोण काय सांगणार? तिचा चेहरा मी बावीस वर्षं बघत आलोय, पण तो इतका म्हातारा मी कधी बघितला नव्हता.

"मूर्ख," ती म्हणाली. "लहानपणीपण असाच. बरणी मी फोडली की मार हा खायचा." मग तिने भिंतीला हात टेकून पाय खाली सोडले. "माझी काठी द्या. आणि बाई, अजून एक गोष्ट आहे. ती आजच सांगायला हवी."

"सांगा."

"या सत्तावीसच्या फांद्यांपासून मी आणखी रोपं केली होती. वर खिंडीत लावलीत. चाळीस. तिथे थंडी जास्त, फूल उशिरा. आठवड्याभरात बोंडं फुटतील आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या मोज्याला लागून दोन्ही बाजूंना उतरतील. काल पहाटे मी निघाले होते उपटायला. पहिल्या वळणापर्यंतसुद्धा गुडघे आले नाहीत. परत येऊन बाकावर बसले."

तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती आणि मी तिला सावलीची गोष्ट सांगत होतो.

७

सहा वाजता साहेबांना नाव मिळालं. ते ऐकून त्यांनी आधी मॅडमना, मग मावशीला, मग मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी खरं बोलतोय हे पटायला माणसांना जरा जास्त वेळ लागतो.

"उद्या पाहुण्यांना मी काय दाखवू?" ते म्हणाले.

"खिंड दाखवा," मावशी म्हणाली. "मी बोलते."

शुक्रवारी ती बोलली. तिसऱ्या वळणावर, रिकाम्या खड्ड्यांपाशी. तिला चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं होतं. भाषण तिने पाठ केलेलं नव्हतं. मी चुकले, ती म्हणाली. परकं झाड ओळखायला माझ्यासारखीला नऊ वर्षं लागली. तुम्ही हा उतार राखला नाहीत, तर ओळखायलाही कुणी उरणार नाही. आता बोलणं पुरे, खिंडीत चला, उशीर होतोय.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. पण टोळीतल्या बायका पोती घेऊन पुढे निघाल्याच होत्या, आणि चढावर एकदा रांग लागली की मधल्या माणसाला मागे फिरता येत नाही. खिंडीत मुकादमाने प्रत्येकाच्या हातात कात्री दिली. साहेबांनी पोत्याचं तोंड उघडून धरलं. एका पाहुण्याने विचारलं, आधी उपटू का? तर नऊ बायका एकदम ओरडल्या, "आधी बोंड!" दुपारी दोनपर्यंत चाळीसच्या चाळीस खडकावर होती. उताराचा निर्णय महिनाभराने होईल असं पाहुणे म्हणाले. मॅडम एका दगडाला टेकून खरोखरच झोपल्या होत्या, घोरत होत्या. कुणी उठवलं नाही.

साहेब मावशीपाशी आले. अवघडलेले. रोपवाटिका तुमच्याकडे ठेवता येणार नाही, वरून विचारणा होईल, तुम्ही समजून घ्याल, असं काहीबाही म्हणाले.

"समजले," मावशी म्हणाली. "तिसऱ्या वळणावर आता काही लावू नका, एवढं मात्र करा. दोन वर्षं नुसतं बघा, आपणहून काय उगवतं ते."

"आणि काहीच नाही उगवलं तर?"

"तर मोकळी जमीन बघा. ती तरी खोटी नसेल."

साहेब गेल्यावर मुकादम आला. दोन दिवसांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. तो तिच्या पायाशी बसला आणि तिच्या गुडघ्यांवरची फडकी नीट करू लागला.

"कुणी सांगितलं होतं तुला कबुली द्यायला?" मावशी म्हणाली.

"कुणी नाही."

"खोटंही धड बोलता येत नाही. म्हणे खड्ड्यात जाळली."

"तू उकळशील हे मला काय माहीत?"

ती हसली नाही, पण तिचा श्वास जरा मोकळा झाला. खाली दरीत ऊन उतरत होतं. टोळीतल्या बायका पोत्यांची तोंडं शिवत होत्या.

"तुझ्या टोळीत जागा आहे का रे एखादी?"

"मावशी, गुडघे बघ आपले."

"बसून उपटीन. वाटेच्या कडेचं. फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत, तेवढंच."

मुकादमाने वर बघितलं. मग त्याने चेहरा मुकादमासारखा केला.

"सकाळी सातला हजर राहावं लागेल," तो म्हणाला. "उशीर चालणार नाही."

"सहाला येते," मावशी म्हणाली.